खिडकीची पट्टी निघाली, आता काय?

हॉस्टेलच्या खिडकीचे उपयोग लिहायला बसलं तर फुलस्केपचं एक पान सहज भरेल. टॉवेल वाळत घालणे, मेसमधून वर आणलेली दह्याची वाटी थंड ठेवणे, मोबाइलची रेंज पकडणे, खालून जाणाऱ्या मैत्रिणीला जर्नलसाठी हाका मारणे आणि व्हायवाच्या आदल्या रात्री बाहेर बघत आयुष्याचा विचार करणे. पण या खिडकीच्या कडेने जी दीड-दोन इंच रुंद लाकडी पट्टी फिरलेली असते, तिच्याकडे कोणी कधी बघतं का? ती दिसते ती निघाल्यावरच. मग ती एका बाजूने लोंबकळते, वाऱ्याने रात्रभर टकटक करते आणि शेवटी रूम पार्टनर उठून कपाटाच्या कुलपाने तिला ठोकून टाकते. विषय संपला!

विषय तिथे संपत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख. गेल्या मे महिन्यात व्हेकेशन ट्रेनिंगसाठी मी हॉस्टेलवरच राहिले होते. तेव्हा जुन्या विंगच्या खिडक्यांचं काम निघालं आणि सिव्हिलची विद्यार्थिनी या नात्याने मी चार दिवस सुतारकाकांच्या मागे मागे फिरले. बिल्डिंग कन्स्ट्रक्शनच्या पेपरला खिडकीची आकृती आम्ही सगळेच पाठ काढतो, पण त्या आकृतीतल्या दोन रेघांमध्ये काय चाललेलं असतं ते त्या चार दिवसांत कळलं.

आधी नावांचा घोळ मिटवू. खिडकीला दोन प्रकारच्या पट्ट्या असतात. पहिली चौकट आणि भिंत यांच्या सांध्यावर बसते, तिला मोल्डिंग म्हणतात. दुसरी, बारीक, झडपेच्या आत काचेच्या चारी बाजूंनी असते आणि काच धरून ठेवते. तिचं नाव बीडिंग. सुतारकाका दोन्हींना पट्टीच म्हणतात आणि कुठली ते बोटाने दाखवतात. आणि माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांसाठी एक खुलासा: काका 'ताई, दोन चुका द्या' म्हणाले तर घाबरायचं कारण नाही. चूक म्हणजे बारीक खिळा. मराठीत हा शब्द आहे याचा मला फार आनंद झाला, कारण अर्धं हॉस्टेल चुकांवरच उभं आहे असं आता अधिकृतपणे म्हणता येईल.

तर मोल्डिंग कशासाठी? शोभेसाठी, असं बहुतेकांना वाटतं. खरं कारण असं की भिंत गवंड्याची आणि चौकट सुताराची. दोघांची मापं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. चौकट भिंतीत लोखंडी होल्डफास्टने पकडतात, कडेने सिमेंटचा माल भरतात, वरून गिलावा करतात. काम ताजं असताना सांधा अगदी बंद दिसतो. पुढच्या उन्हाळ्यात मात्र तिथे एक बारीक फट पडलेली असते, कारण लाकूड हलतं आणि भिंत त्याच्यासारखी हलत नाही.

लाकूड किती हलतं? हिरव्या अवस्थेपासून पूर्ण कोरडं होईपर्यंत सागवान वर्षवलयांच्या दिशेने, म्हणजे टँजेन्शियली, साधारण ५ ते ६ टक्के आकसतं आणि रेडियल दिशेने त्याच्या निम्म्याहूनही कमी. लांबीला जवळजवळ नाहीच. आणि सागवान हे त्यातलं शहाणं लाकूड, बाकीची जास्तच हलतात. आता हिशेब करा. लाकडातला ओलावा पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ६ टक्क्यांनी बदलला असं धरलं, तर ५० मिमी रुंद सागवानी पट्टी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त आकसते. १०० मिमीची चौकट एक मिलिमीटरहून थोडी जास्त. कागदावर हे काहीच नाही. पण गिलाव्याला एवढी फट पडायला पुरते आणि पावसाला आत यायलाही पुरते.

कोपऱ्यात ४५ अंशात कापलेल्या पट्ट्यांचा सांधा का उघडतो, तेही यातच आलं. पट्टी रुंदीला हलते, लांबीला हलत नाही, म्हणून कापलेला कोन ४५ राहत नाही. उन्हाळ्यात पट्टी आकसली की सांधा खिडकीकडच्या, आतल्या टोकाला उघडतो. पावसाळ्यात फुगली की बाहेरच्या टोकाला. तुमच्या खोलीतला कोपरा बघा आणि महिना आठवा. सुतार कामचुकार होता असा निष्कर्ष काढायची घाई करू नका.

म्हणजे पट्टीचं काम काय, तर दोन वेगवेगळ्या स्वभावाच्या वस्तूंमधली फट झाकायची आणि दोघींना आपापलं हलू द्यायचं. हलूच दिलं नाही तर काय होतं याचं जगप्रसिद्ध उदाहरण बोस्टनमध्ये आहे. तिथली साठ मजली जॉन हॅनकॉक टॉवर बांधून होत आली असताना १९७३ मध्ये तिच्या काचा निखळून खाली पडायला लागल्या. एकेक काच सव्वादोनशे किलोच्या आसपास! पडलेल्या काचांच्या जागी प्लायवूड लावलं, तेव्हा लोकांनी तिला 'प्लायवूड पॅलेस' असं नाव ठेवलं. शेवटी सगळ्याच्या सगळ्या १०,३४४ काचा बदलाव्या लागल्या. प्रत्येक खिडकीत दोन काचा होत्या आणि त्यांच्यामध्ये शिशाची पट्टी सोल्डरने चिकटवलेली होती. तो जोड इतका घट्ट होता की तापमान आणि वारा यांनी काच हलू लागली तेव्हा ताण घ्यायला मध्ये काही उरलंच नाही. तडा काचेतच गेला. जोड कच्चा होता म्हणून नाही, नको तेवढा पक्का होता म्हणून.

आपल्या जुन्या विंगमध्ये सोल्डर नाही, पण त्याचा गरीब भाऊ आहे. बीडिंग निघालं की कोणीतरी काचेला लागूनच मोठे खिळे मारतं आणि काच त्या खिळ्यांवर टेकते. काच दाबाला दणकट असते आणि ताणाला कच्ची, त्यातही तिची कड सर्वांत कच्ची, कारण कापताना तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा राहतात. फ्रॅक्चर मेकॅनिक्सवाल्यांना ग्रिफिथचा १९२१ चा पेपर माहीत असेल, तो याच गोष्टीवर आहे. खिळ्याचं टोक अशा चिरेवर टेकलं, दुपारचं ऊन लागून काच थोडी वाढली, किंवा पावसात झडप फुगून आवळली, की कोणी हात न लावता काच तडकते.

इथे मला रेक्टर सरांना आणि ऑफिसमधल्या मंडळींना एक गोष्ट सांगायची आहे. काच फुटली की ब्रेकेज चार्ज खोलीवर पडतो आणि दोघी-तिघी पार्टनरमध्ये आठवडाभर 'तूच आपटलीस' चालतं. कॉशन मनीतून पैसे कापले जातातच, वर मैत्री जाते ती वेगळी. पण काच स्वतःच बरंच काही सांगते. मध्ये कुठेतरी एक बिंदू आणि त्याच्यापासून चांदणीसारखे चारी दिशांना तडे असतील, तर काहीतरी आदळलेलं आहे, मग तो चेंडू असेल नाहीतर कोणाची बॅग. पण एकच तडा कडेपासून निघून वाकडातिकडा काचभर गेला असेल, तर तो जिथून निघाला तिथली बीडिंग काढून बघावी. खाली खिळा किंवा दगडासारखी झालेली पुट्टी काचेला टेकलेली मिळाली, तर ती काच खोलीने फोडलेली नाही. मे महिन्यात काढलेल्या काचांपैकी दोन अशाच होत्या आणि दोन्हींचे पैसे आधीच कापून झाले होते. काच बदलताना तडा कुठून निघाला एवढी एक ओळ रजिस्टरमध्ये लिहिली, तर फार काही लागणार नाही.

हे फक्त पैशांपुरतं नाही. काचेचं वजन काढायला सोपं आहे: एक चौरस मीटर, एक मिमी जाड काच म्हणजे अडीच किलो. आपल्या झडपेतली ३०० बाय ४५० ची, ४ मिमी जाड काच साधारण १.३५ किलो भरते. तिसऱ्या मजल्यावरून, ९ मीटर धरा, ती खाली येते तेव्हा हवेचा अडथळा सोडला तर वेग ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास असतो. आणि खाली मेसची रांग असते. तेव्हा तुमच्या खिडकीचं बीडिंग गायब असेल आणि काच दोन वाकवलेल्या चुकांवर उभी असेल, तर आजच तक्रार वहीत लिहा.

आता प्रत्यक्ष काम. मोल्डिंगची पट्टी काढताना पहिलं हत्यार हातोडी नाही, कटर. पट्टी आणि भिंत यांच्यावरून वर्षानुवर्षं रंगाचे थर गेलेले असतात, त्याने दोन्ही चिकटतात. कडेने कटर फिरवून तो रंग कापायचा. नाहीतर पट्टीबरोबर वीतभर रंग आणि गिलाव्याचे पोपडे येतात. जुना रंग खरवडायचा असेल तर एक काळजी घ्या. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको हा नियम २०१६ चा, लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. म्हणून कोरडं घासू नका, पॉलिश पेपर ओला करून घासा, तोंडाला फडकं किंवा मास्क बांधा आणि खोलीतला दह्याचा डबा आधी बाहेर ठेवा.

मग पातळ पत्र्यासारखी पुट्टीची पट्टी सांध्यात सरकवायची, तिच्या मागून पटाशी. पटाशीच्या पाठीमागे भिंतीला लाकडाचा चपटा तुकडा लावायचा, म्हणजे जोर गिलाव्यावर न येता तुकड्यावर येतो. सुरुवात खिळ्याजवळून करायची आणि एकदम उपटायचं नाही. एका खिळ्याजवळ अर्धा सेंटिमीटर, मग पुढच्या. पट्टी हातात आली की खिळे पुढून ठोकून काढू नका. पक्कडीने मागच्या बाजूने ओढून काढा, म्हणजे पुढचा रंग आणि लाकडाची चिपटी उडत नाही. आणि पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवा, वर, खाली, डावी, उजवी. चारही पट्ट्या सारख्या दिसतात पण सारख्या नसतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नवी पट्टी लगेच ठोकू नका, आत बघा. काकांनी पहिली पट्टी काढली तेव्हा आतून वर्तमानपत्राचे बोळे, एक रिफिल आणि कुणाच्या तरी इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीटचा कोपरा निघाला. हसू आलं खरं, पण कागद फटीत भरणं म्हणजे पाण्याला वात करून देणं. तो ओला राहतो आणि लाकडाला ओला ठेवतो. त्याच फटीत पुढे मातीची बारीक नळी चढलेली होती. वाळवी! बाहेरून ती पट्टी अगदी चकाचक होती, वर्षापूर्वीच ऑइलपेंट मारलेला. काकांनी पटाशीचं टोक चौकटीत हलकेच दाबलं तर ते बोटभर आत गेलं. म्हणाले, 'ताई, ही पट्टी ठोकून काय करणार, धरायला लाकूडच नाही.' त्या खिडकीची खालची चौकटच बदलावी लागली.

म्हणून निघालेली पट्टी ठोकण्याआधी तीन गोष्टी बघा: फट ओली आहे का, मातीच्या नळ्या आहेत का, आणि पटाशीचं टोक लाकडात घुसतंय का. यातलं एक जरी 'हो' असेल तरी हे काम आपलं नाही, सुताराचं किंवा पेस्ट कंट्रोलवाल्याचं आहे. सगळं कोरडं आणि टणक असेल तर मोठ्या फटीत सिमेंटचा माल, बारीक फटीत सीलंट. सीलंट म्हणजे रबरासारखा राहणारा, कडक होणारा नाही. का, ते वरच्या हिशेबात आलंच आहे.

नवी पट्टी कापताना भिंतीचा कोपरा ९० अंशांचा आहे असं समजू नका. गुण्या लावून बघा. ९२ भरला तर दोन्ही पट्ट्या ४६ ला कापायच्या, ४५ ला कापून मधली फट पुट्टीने बुजवायची नाही. पट्टी बसवण्याआधी तिच्या पाठीला आणि कापलेल्या टोकांनाही प्रायमर मारा. हे जवळजवळ कोणी करत नाही. फक्त पुढून रंगवलेली पट्टी मागून ओलावा पिते, पुढून पीत नाही, आणि पन्हाळीसारखी वाकते. टोकं तर स्ट्रॉसारखी असतात, पाणी सर्वांत जास्त तिथूनच शिरतं.

खिळे मारताना काकांनी एक गंमत दाखवली. प्रत्येक चुकेचं टोक आधी हातोडीने ठेचून बोथट करायचं. मला वाटलं होतं टोकदार खिळा बरा. पण टोकदार खिळा पाचरीसारखा तंतू बाजूला सारतो आणि पट्टी उभी चिरते. बोथट खिळा समोरचे तंतू चेपत, तोडत जातो, त्यामुळे चीर पडायचा धोका कमी. टोकाजवळ मारायचा असेल तर आधी बारीक ड्रिल करणं चांगलंच. आणि खिळे फक्त चौकटीत मारायचे, भिंतीत नाही. भिंतीकडची कड गिलाव्यावर नुसती टेकलेली राहू द्यायची. दोन्हींकडे खिळलं की पुन्हा तीच बोस्टनची गोष्ट, छोट्या प्रमाणात.

काचेचं बीडिंग काढणं यापेक्षा नाजूक. काच तडकलेली असेल तर आधी तिच्यावर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी आडवी-उभी मारा, पायात बूट, हातात जाड मोजे. चपलांवर हे काम करू नका. बीडिंगची सुरुवात कोपऱ्यातून करू नका, तिथे दोन्ही टोकं एकमेकांत अडकलेली असतात. सर्वांत लांब पट्टीच्या बरोबर मध्ये पटाशी सरकवा. पट्टी धनुष्यासारखी बाहेर वाकते आणि टोकं आपोआप सुटतात. एक निघाली की बाकीच्या तीन सोप्या.

नवी काच खाचेच्या मापाची आणायची नाही. लांबी-रुंदीत ३-३ मिमी कमी, म्हणजे प्रत्येक कडेला दीड मिमी मोकळी जागा. काचवाला 'घट्ट बसेल अशी देतो' म्हणाला तर नको म्हणा. खाचेला आधी प्रायमर मारायचा, मग पुट्टीचा पातळ थर द्यायचा, त्यावर काच टेकवायची, मग बीडिंग. चुका काचेला समांतर आणि काचेपासून सुटून गेल्या पाहिजेत.

ही पुट्टी म्हणजे भिंतीला लावतात ती पांढरी वॉल पुट्टी नव्हे. खिडकीची पुट्टी खडूची भुकटी आणि जवसाचं तेल मळून होते, पोळीच्या कणकेसारखी. तिच्यासाठी आय.एस. ४१९ हे वेगळं मानक आहे. जवसाचं तेल उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यामुळे वरची साय धरायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि साय धरल्यावरच रंग द्यायचा. त्याच ऑक्सिडेशनमध्ये उष्णता निघते, म्हणून या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा पसरून उघड्यावर वाळवा.

नव्या विंगवाल्यांनी इथपर्यंत 'आपल्याला काय' म्हणत वाचलं असेल. तुमच्याकडे ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, बीडिंगऐवजी रबराची पट्टी. फरक एवढाच की ॲल्युमिनियम तापल्यावर काचेच्या अडीचपट वाढतं. १.२ मीटरच्या खिडकीत ४० अंशांच्या फरकाला ॲल्युमिनियम १.१ मिमी आणि काच ०.४ मिमी. मधला फरक ते रबर सोसतं. उन्हाने रबर कडक होतं, आकसतं आणि कोपऱ्यातून बाहेर येतं. नवं बसवताना ओढून ताणून बसवू नका, ते परत आकसणारच. मापापेक्षा किंचित लांब कापा, आधी दोन्ही टोकं दाबा, मग मधला भाग, म्हणजे ते जरा कोंबलेलं राहतं.

आणि खालच्या ट्रॅकमध्ये बाहेरच्या बाजूला जी छोटी भोकं असतात, ती कृपा करून उघडी ठेवा. डास येतात म्हणून कोणी त्यात साबण भरतं, कोणी एम-सील. ती भोकं पाणी बाहेर जायला दिलेली आहेत. वाऱ्याचा दाब पास्कलमध्ये म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, आय.एस. ८७५ मधलं सूत्र. सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्याला २४० पास्कल होतात, म्हणजे पाण्याची सुमारे २४ मिमी उंची. भोकं बुजली, ट्रॅक भरला आणि आतली कड त्याहून बुटकी असेल, तर वारा ते पाणी सरळ तुमच्या गादीवर ढकलतो. मग 'खिडकी गळते' म्हणून वरून सिलिकॉन मारलं जातं आणि पाणी आणखी अडतं.

पाऊस सुरू व्हायच्या आधी जुन्या टूथब्रशने ट्रॅक साफ करा, भोकांतून बारीक तार फिरवा आणि एक मग पाणी ट्रॅकमध्ये ओता. बाहेर धार पडली पाहिजे. खाली कोणी उभं नाही ना, तेवढं आधी वाकून बघा.